पाटी नसलेले ऑटो इलेक्ट्रिकचे दुकान : जुन्या मोटारसायकलींच्या वायरिंगची तपासणी, गणेशपेठ, नागपूर

नागपुरात जुन्या मोटारसायकलीचे इंजिन उघडून पुन्हा बांधून देणारे मिस्त्री जवळपास प्रत्येक वस्तीत सापडतात. पिस्टन-रिंग, क्लच प्लेट, टायमिंग चेन ही कामे मेडिकल चौकापासून जरीपटक्यापर्यंत कुठेही समाधानकारक होतात. विजेच्या बिघाडाचे मात्र तसे नाही. गाडी मधूनच बंद पडते, हॉर्न कण्हल्यासारखा वाजतो, इंडिकेटर लागतो पण लुकलुकत नाही, अशी तक्रार घेऊन गेले की बहुतेक ठिकाणी आधी बॅटरी बदलली जाते, मग इंडिकेटर लुकलुकवणारा फ्लॅशर, मग बॅटरीकडे जाणारी वीज डीसीत बदलून आवरणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर म्हणजे ज्याला मिस्त्री आरआर युनिट म्हणतात ते, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर संपूर्ण वायरिंग सेट बदलण्याचा सल्ला मिळतो. यातला प्रत्येक भाग कधी ना कधी खराब होतो हे खरेच आहे. परंतु तो खराब झाला आहे की नाही हे तपासण्याचे काम सहसा कोणी करत नाही, आणि नवा भाग बसवून पाहणे हीच तपासणी समजली जाते.

ज्या दुकानाविषयी हे लिहीत आहे, तेथे क्रम उलटा आहे. गणेशपेठ बसस्थानकाकडून कॉटन मार्केटच्या दिशेने चालत गेल्यास आतल्या एका गल्लीत, बॅटरी चार्जिंगच्या दुकानांच्या ओळीत, पाटी नसलेला हा गाळा आहे. बाहेर उभ्या असलेल्या गाड्यांत बुलेट, आरएक्स १००, सीडी १०० आणि पहिल्या काही वर्षांतल्या स्प्लेंडर दिसल्या की जागा बरोबर आहे असे समजावे. सीडी १०० आपल्याकडे १९८५मध्ये आली, स्प्लेंडर १९९४मध्ये, आणि आरएक्स १००चे उत्पादन १९९६मध्ये थांबले. म्हणजे येथे येणाऱ्या बऱ्याच गाड्यांच्या तारांवरचे आवरण पाव शतकाहून जुने आहे. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीखालचे तापमान त्याहूनही अधिक असते, आणि अशा उन्हाळ्यांनंतर येणारा पाऊस तडकलेल्या आवरणातून आत शिरतो. जुन्या गाडीचे विजेचे दुखणे येथूनच सुरू होते.

मी नेलेली गाडी नव्वदच्या दशकातली, शंभर सीसीची, चार स्ट्रोकची आणि होंडाच्या रंगपद्धतीने वायरिंग केलेली होती. तिच्या दोन तक्रारी होत्या. पहिली, बॅटरी टिकत नसे. हॉर्न क्षीण झाला होता आणि दोन्ही इंडिकेटर स्थिर जळत राहत. दुसरी, चालता चालता, विशेषतः वळण घेताना, इंजिन एखादा ठोका चुकवी आणि कधी पूर्ण बंद पडे. यापूर्वी दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये पहिल्या तक्रारीसाठी बॅटरी आणि आरआर युनिट दोन्ही बदलून झाले होते, आणि दुसऱ्या तक्रारीसाठी ठिणगी पाडणारे सीडीआय युनिट बदला असे सांगण्यात आले होते.

गणेशपेठेतल्या मिस्त्रींनी गाडीला हात लावण्याआधी बराच वेळ प्रश्न विचारले. किक मारल्यावर गाडी लगेच सुरू होते का, हेडलाइट इंजिनच्या वेगाबरोबर उजळतो का, हॉर्न इंजिन बंद असतानाही तितकाच क्षीण असतो का, हँडल कोणत्या बाजूला वळवल्यावर इंजिन ठोका चुकवते, पावसात जास्त होते का. हे प्रश्न गप्पांसाठी नव्हते. या वर्गातल्या गाड्यांत विजेची तीन घरे वेगवेगळी असतात हे ज्याला ठाऊक आहे तोच ते विचारू शकतो. इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या मॅग्नेटच्या प्लेटवरची एक्सायटर क्वाइल (तारेचे वेटोळे) थेट सीडीआयला वीज पुरवते, त्यामुळे बॅटरी काढून ठेवली तरी गाडी किकवर सुरू होते. त्याच प्लेटवरची लाइटिंग क्वाइल हेडलाइटला एसी वीज देते, त्यामुळे इंजिनचा वेग वाढला की प्रकाश वाढतो. हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेकलाइट तेवढे बॅटरीच्या डीसी विजेवर चालतात. माझ्या उत्तरांवरून इंजिनाची तक्रार आणि हॉर्नची तक्रार या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत हे गाडी उघडण्याआधीच ठरले होते. ज्या वर्कशॉपने दोन्हींसाठी ‘करंट कमी पडतो’ असे एकच निदान केले होते, त्याला हा फरक माहीत नव्हता किंवा तो सांगण्याची गरज वाटली नव्हती.

पहिल्या तक्रारीची तपासणी पाहण्यासारखी होती. बॅटरी रात्रभर ठेवून घेऊन सावकाश चार्ज करण्यात आली. २.५ अँपिअर-तासांच्या लहान बॅटरीला पाव अँपिअरच्या आसपासच चार्जिंग द्यावे असा त्यांचा आग्रह असतो, आणि तो रास्त आहे. मोटारीच्या बॅटरीच्या चार्जरवर ती तासाभरात ‘भरून’ देणारे लोक तिचे आयुष्य कमी करतात. दुसऱ्या दिवशी काही वेळ विश्रांती दिल्यावर मल्टिमीटरवर तिने १२.६ व्होल्टच्या वर वाचन दिले, प्रत्येक खान्यातील आम्लाचे विशिष्ट गुरुत्व हायड्रोमीटरवर १.२६०च्या पुढे भरले, म्हणजे बॅटरी निर्दोष होती. मग इग्निशन बंद ठेवून बॅटरीच्या धन टोकात मीटर मालिकेत जोडून गळती पाहण्यात आली. जुन्या गाडीत घड्याळ नाही, संगणक नाही, त्यामुळे चावी बंद असताना वाचन शून्य असायला हवे. काही मिलिअँपिअर दिसले तर आरआर युनिटमधला डायोड उलट दिशेने वीज सोडत असण्याची शक्यता मोठी असते. माझ्या गाडीत शून्य होते.

त्यानंतर इंजिन सुरू करून, मध्यम वेगावर ठेवून, बॅटरीच्या टोकांवर मीटर लावण्यात आला. १२ व्होल्टची प्रणाली नीट चार्ज होत असेल तर येथे साधारण साडेतेरा ते पावणेपंधरा व्होल्ट दिसायला हवेत, आणि १५च्या वर गेले तर रेग्युलेटर काम करत नाही असे समजावे, कारण मग बॅटरीतले पाणी उकळून उडते. माझ्या गाडीत वाचन साडेबाराच्या आसपासच घुटमळत राहिले. बहुतेक मिस्त्री याच क्षणी आरआर युनिट बदलतात. यांनी मीटरचे एक टोक आरआर युनिटच्या कपलरमधल्या (तारा जोडणाऱ्या प्लगमधल्या) लाल तारेवर आणि दुसरे बॅटरीच्या धन टोकावर ठेवले. एकाच तारेच्या दोन टोकांत व्होल्टेजचा फरक जवळपास नसायला हवा. अर्ध्या व्होल्टपर्यंत फार तर सोडून देता येईल. तेथे दोन व्होल्टहून अधिक फरक होता. युनिट आपले काम करत होते, वीज तयार होत होती, आणि ती बॅटरीपर्यंत पोहोचण्याच्या वाटेवर कुठेतरी अडत होती.

“टाकी भरून आहे जी, पन नळातच कचरा अटकला आहे,” असे म्हणून त्यांनी मीटरचे टोक तारेवरून सरकवत नेले आणि ते फ्यूजच्या घरापाशी येऊन थांबले. फ्यूज शाबूत होता. त्याला धरून ठेवणाऱ्या पितळी पट्ट्यांवर मात्र हिरवट थर चढला होता आणि एका पट्टीचा ताण गेला होता. या गाड्यांत चार्जिंगची वीज आणि हॉर्नकडे जाणारी वीज दोन्ही याच फ्यूजमधून जातात, त्यामुळे एकाच ठिकाणचा अडथळा बॅटरी उपाशी ठेवत होता आणि हॉर्नलाही दाबत होता. नवे फ्यूजघर, तारेच्या टोकाला बसणारे दोन नवे थिंबल, आणि क्रिम्प केलेल्या म्हणजे दाबून बसवलेल्या जोडावर उष्णतेने आकसणारी नळी, एवढ्यावर काम झाले. इंडिकेटर तत्काळ लुकलुकू लागले, कारण जुना फ्लॅशर तेवढी वीज मिळाल्याखेरीज उघडझाप करतच नाही. आधीच्या वर्कशॉपने बदललेली बॅटरी आणि युनिट दोन्ही अनावश्यक खर्च होता, ही बाब त्यांनी स्वतःहून काढली नाही. मी विचारल्यावर जुने युनिट बाकावर जोडून ते चांगले असल्याचे मात्र दाखवले.

येथे मीटरबरोबर वापरले जाणारे दुसरे साधन म्हणजे साधा टेस्ट लॅम्प, म्हणजे दोन तारा जोडलेला इंडिकेटरचा १० वॉटचा बल्ब. डिजिटल मीटर स्वतः जवळजवळ काहीच वीज ओढत नाही, त्यामुळे तारेचा एकच धागा शिल्लक असला किंवा जोडावर गंज असला तरी तो पूर्ण बारा व्होल्ट दाखवतो आणि पाहणारा फसतो. बल्ब मात्र जवळपास एक अँपिअर मागतो. तेवढा त्या जोडातून आला नाही तर तो मंद जळतो आणि दोष उघड होतो. घरी मीटर घेऊन बसणाऱ्या हौशी लोकांना हा फरक कोणी सांगत नाही, आणि ‘व्होल्टेज तर बरोबर येतो आहे’ असे म्हणत ते तासन्‌तास अडून बसतात. गल्लीतल्या या दुकानात ही गोष्ट ग्राहकाला समोर उभे करून समजावली जाते. काही ग्राहकांना ते नकोसे वाटते, कारण त्यांना गाडी लवकर हवी असते.

दुसरी तक्रार अधिक अवघड होती, कारण गाडी दुकानात आल्यावर शहाण्यासारखी वागत होती. मधूनच उद्भवणारा दोष शोधण्यासाठी तो आधी घडवून आणावा लागतो, आणि त्यासाठी लागणारा धीर मला शहरात इतरत्र दिसलेला नाही. त्यांनी इंजिन सुरू ठेवून हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवले, वायरिंग हाताने दाबून-हलवून पाहिले, इग्निशन स्विच ठोकून पाहिला, शेवटी स्टीअरिंगच्या मानेपाशी बारीक फवाऱ्याने पाणी मारले. हँडल पूर्ण डावीकडे असताना इंजिन बंद पडले. तेव्हा त्यांनी सीडीआयच्या कपलरमधून काळी-पांढरी तार सोडवली आणि पुन्हा तीच कसरत केली. इंजिन एकदाही चुकले नाही.

या तारेविषयी थोडे सविस्तर सांगणे गरजेचे आहे, कारण अनेक सीडीआय विनाकारण फेकले जातात ते हिच्यामुळे. एसी सीडीआय असलेल्या या गाड्यांत चावी बंद करणे म्हणजे वीज तोडणे नसते. चावी बंद केल्यावर इग्निशन स्विच काळी-पांढरी तार अर्थला म्हणजे गाडीच्या फ्रेमला जोडतो, सीडीआयची वीज फ्रेममध्ये जाते आणि ठिणगी थांबते. याचा अर्थ असा की ही तार कुठेही फ्रेमला घासून उघडी पडली, किंवा इग्निशन स्विचमध्ये पाणी गेले, तर चावी सुरू असतानाही गाडी चावी बंद केल्यासारखी थांबते. उलट ही तार तुटली तर गाडी चावीने बंदच होत नाही. म्हणून ठिणगी मधूनच जाते अशी तक्रार असेल तर पहिली तपासणी ही तार सोडवून पाहण्याची असायला हवी. तिला पैसे लागत नाहीत आणि पाच मिनिटांहून अधिक वेळही लागत नाही. माझ्या गाडीत तिचे आवरण मानेपाशी, जेथे वायरिंगचा जुडगा पट्ट्याने घट्ट आवळला होता तेथे, घासून गेले होते. हँडल डावीकडे वळले की जुडगा ताणला जाई आणि उघडे तांबे फ्रेमला टेकत असे. आवरण दुरुस्त करून, जुडग्याला थोडी ढील ठेवून, तो नव्या मार्गाने बसवण्यात आला. सीडीआय जुनाच राहिला आणि आजही तोच आहे.

तरीही त्यांनी एवढ्यावर थांबण्याऐवजी मॅग्नेटच्या क्वाइलींचा रोध गाडी गार असताना आणि तापल्यावर असा दोनदा मोजला. मला ते प्रथम जास्तीचे वाटले होते, परंतु त्याला कारण आहे. बारीक तारेचे वेटोळे गार असताना अखंड असते आणि तापून प्रसरण पावल्यावर तुटते, असा दोष जुन्या क्वाइलींत नेहमी आढळतो, आणि ‘गरम झाल्यावर बंद पडते, अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होते’ ही तक्रार बहुधा त्याचीच असते. अशा बहुतेक गाड्यांत ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या पिकअप क्वाइलचा रोध ५० ते २०० ओमच्या दरम्यान असतो. मीटरवर आकडा येण्याऐवजी तापल्यावर तो अनंत झाला की निदान पक्के झाले. दुसरे असे की तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो, त्यामुळे डिसेंबरच्या सकाळी दहा अंशांवर घेतलेले वाचन आणि मेच्या दुपारी ४५ अंशांवर घेतलेले वाचन यांत १३-१४ टक्क्यांचा फरक पडणारच. नागपुरात बसून पुस्तकातल्या आकड्याशी मीटर ताडून पाहणाऱ्याने हे ध्यानात ठेवले नाही तर तो चांगली क्वाइल बाद करील.

मी तेथे असताना एक महाविद्यालयीन मुलगा यामाहाची आरएक्स १०० घेऊन आला होता. फ्यूज लावला की उडतो, अशी त्याची तक्रार होती, आणि हिंगण्याकडच्या कुणी तरी नवा हॉर्न बसवून दिल्यापासून ते सुरू झाले होते. मिस्त्रींनी हॉर्नची जोडणी पाहिली आणि विचारले, “पोरा, ज्यानं हे बसवलं तो होंडाच्याच गाड्या करतो काय?” होंडाच्या रंगपद्धतीत हिरवी तार अर्थ असते आणि काळी तार चावीनंतरची धन, यामाहाच्या पद्धतीत काळी तारच अर्थ असते आणि चावीनंतरची धन तपकिरी. होंडाचा हात बसलेल्या माणसाने यामाहाच्या काळ्या तारेला धन समजून जोडणी केली होती, आणि बॅटरीचा फ्यूज प्रत्येक वेळी आपले कर्तव्य बजावत होता. सुझुकीत अर्थ काळी-पांढरी असते, कावासाकीच्या पद्धतीत काळी-पिवळी. दुकानाच्या भिंतीवर या चारही पद्धतींचे हाताने काढलेले तक्ते प्लास्टिकमध्ये गुंडाळून टांगलेले आहेत आणि ते नुसते शोभेचे नाहीत. प्रत्येक गाडीसमोर त्यांतला एक उतरवून ठेवला जातो.

बुलेटवाल्यांना या दुकानाचा विशेष उपयोग आहे. लोखंडी इंजिनाच्या जुन्या बुलेटमध्ये ठिणगीसाठी सीडीआय नसून सी.बी. पॉइंट, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणारे संपर्क, आणि कंडेन्सर असतात, आणि हेडलाइटच्या कवचावर बसवलेला, बॅटरीत येणारी-जाणारी वीज दाखवणारा अॅमीटर असतो, ज्याकडे आजकाल कोणी पाहत नाही. चावी सुरू करून किक हाताने सावकाश फिरवली तर पॉइंट मिटल्यावर काटा डिस्चार्जकडे झुकतो आणि पॉइंट उघडल्यावर मध्यावर येतो. तो तसा डोलत असेल तर बॅटरीपासून पॉइंटपर्यंतचा सगळा मार्ग ठीक आहे हे एकही नट न उघडता कळते. काटा झुकतच नसेल तर पॉइंट मळलेले आहेत किंवा वीज तेथवर पोहोचत नाही. झुकलेलाच राहत असेल तर पॉइंट उघडत नाहीत किंवा त्यांची तार अर्थ झाली आहे. पॉइंटमधली फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवणे आणि उघडताना मोठी निळी ठिणगी दिसत असेल तर कंडेन्सर बदलणे, हे ते ग्राहकाकडूनच करवून घेतात. बुलेटचा मालक स्वतः हे शिकला नाही तर त्याने ती विकून टाकावी असे त्यांचे मत आहे, आणि ते मला पटते.

अलीकडे जुन्या गाड्या नव्यासारख्या करून घेण्याची हौस वाढली आहे आणि तिने या दुकानाला भरपूर काम दिले आहे. फ्रेम पावडर कोट केली जाते, इंजिन चकचकीत होते, आणि गाडी बांधून झाल्यावर एकही दिवा धड लागत नाही. कारण सरळ आहे: या गाड्यांत परतीची वीज फ्रेममधून जाते, आणि पावडर कोटचा जाड थर वीज जाऊ देत नाही. अर्थच्या बोल्टखालचा रंग खरवडून उघड्या धातूवर थिंबल बसवले आणि वरून ग्रीस लावले की निम्म्या तक्रारी संपतात. इंडिकेटर लावला की टेललाइट मंदावतो किंवा ब्रेक दाबला की मीटरमधला दिवा चमकतो, अशा भुताटकीसारख्या लक्षणांत वीज अर्थ न सापडल्याने दुसऱ्याच बल्बमधून परतत असते.

हेडलाइटचा नुसता बल्ब काढून एलईडी बसवून द्यायला येथे स्पष्ट नकार मिळतो. एसीवर चालणाऱ्या हेडलाइटच्या जागी डीसीचा एलईडी बल्ब खुपसला तर तो मंद वेगावर लुकलुकतो आणि फार काळ टिकत नाही. तो नीट चालवायचा असेल तर मॅग्नेटच्या लाइटिंग क्वाइलचे अर्थचे टोक उचलून वेगळे काढावे लागते, एसीचा पूर्ण तरंग डीसीत बदलणारे नवे युनिट लावावे लागते, आणि मग सगळा भार बॅटरीच्या बाजूला आणावा लागतो. हे काम ते करतात, परंतु त्यासाठी मॅग्नेट काढावे लागते आणि मजुरी बरीच होते, म्हणून आधी दोनदा विचार करायला सांगतात. मला हा सावधपणा थोडा जास्त वाटला. वर्धा रोडवर रात्री ३५ वॉटच्या जुन्या दिव्याने चालवणे सुखाचे नाही, आणि ज्याला खर्च मान्य आहे त्याला इतके परावृत्त करण्याची गरज नाही.

आता दोषांकडे येतो. दुकान वेळ देत नाही; फोनवर ‘या’ म्हटले जाते आणि गेल्यावर आधीच्या गाड्या उभ्या असतात. पावसाळ्याच्या पहिल्या पंधरवड्यात तर जाऊच नये, कारण शहरातली भिजलेली प्रत्येक गाडी तेथे असते. काम संपूर्णपणे एका माणसाच्या हाती आहे. त्यांच्या हाताखालचा मुलगा जोड चांगले करतो, पण निदान करू शकत नाही, त्यामुळे मिस्त्री सामान आणायला गेले की दुकान थांबते. छापील बिल मिळत नाही. मागितल्यास वहीच्या पानावर केलेले काम आणि घेतलेली वाचने लिहून मिळतात, आणि खरे तर बिलापेक्षा ते पान अधिक उपयोगी आहे, परंतु ज्यांना कार्यालयात खर्च दाखवायचा आहे त्यांची पंचाईत होते. गाडी उभी करायला सावली नाही. एप्रिल-मेमध्ये काळ्या सीटवर हात टेकवत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या मिरवणुकीला, त्या बाजूला गाडी नेण्याचा विचारही करू नये.

तपासणीचे पैसे वेगळे आकारले जातात आणि दोष सापडला नाही तरी ते द्यावे लागतात. या अटीवरून तेथे वाद झालेले मी पाहिले आहेत. ‘काहीच बदललं नाही, मग पैसे कशाचे,’ असे एका गृहस्थांनी विचारले तेव्हा मिस्त्रींनी शांतपणे सांगितले, “भाऊ, बदलायचं असतं तर तुम्ही माझ्याकडं कशाला आले असते जी?” माझ्या बाबतीत तपासणी आणि दुरुस्ती मिळून झालेला खर्च आधी निष्कारण बदललेल्या बॅटरीच्या किमतीहून कमी होता. तरीही दर आधी ठरवून घ्यावा. तो गाडीवर नाही तर लागणाऱ्या वेळेवर अवलंबून असतो, आणि मधूनच उद्भवणाऱ्या दोषाला किती वेळ लागेल हे त्यांनाही आधी सांगता येत नाही.

सुट्या भागांबाबत ते प्रामाणिक आहेत. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त वायरिंग सेटमधली तार आणि जुन्या मूळ सेटमधली तार त्यांनी माझ्यासमोर कापून शेजारी ठेवली. स्वस्त सेटमध्ये तांब्याचे धागे उघडपणे कमी होते आणि दोन ठिकाणी रंगही चुकलेले होते. म्हणून जुना सेट अगदी जळालेला नसेल तर तो उघडून, प्रत्येक कपलर साफ करून, खराब तुकडा तेवढा बदलण्याकडे त्यांचा कल असतो. काळी टेप ते वापरतच नाहीत. नागपूरच्या उन्हाळ्यात तिचा गोंद वितळून ती सुटते आणि आतला पिळून केलेला जोड उघडा पडतो, हे माझ्या गाडीच्या हेडलाइटच्या कवचातही दिसले.

ज्यांची गाडी इंधन इंजेक्शनची आहे, म्हणजे १ एप्रिल २०२०नंतरच्या, बीएस-सहा या प्रदूषण-मानकाच्या गाड्यांपैकी बहुतेक सर्व, त्यांनी येथे जाऊ नये. दोष वाचणारे स्कॅनर येथे नाही आणि मिस्त्री अशा गाड्या सरळ परत पाठवतात. कार्ब्युरेटरची जुनी गाडी असेल तर जाण्यापूर्वी टाकी निम्म्याहून कमी भरलेली ठेवावी, कारण वायरिंग पाहण्यासाठी ती काढावीच लागते. यापूर्वी काय काय बदलले आहे त्याची माहिती आणि काढलेले जुने भाग सोबत न्यावेत. ते बाकावर तपासून चांगले निघाले तर परत वापरता येतात. गाडी धुऊन नेऊ नये, विशेषतः पावसात बंद पडत असेल तर. मंगळवार-बुधवारी सकाळी दुकान उघडताना गेल्यास गर्दी कमी असते, आणि गाडी एक रात्र तेथे ठेवण्याची तयारी असावी, कारण बॅटरीचे चार्जिंग त्याहून कमी वेळात ते करून देत नाहीत.